इग्वानाच्या लाकडी घराला पॉलिश करताना

रंग आणि पॉलिश हेच माझं शिक्षण आणि पोटापाण्याचं कामही तेच. माटुंग्याच्या यूडीसीटीतून बाहेर पडले ती थेट एका रंगकारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच रमले. कपाटं, दारं, पलंग, शाळेतली बाकं यांच्यावर बसणाऱ्या पातळ थराची काळजी वाहण्यात सगळी नोकरी गेली. पुण्यातल्या भाच्याकडे हिरवा इग्वाना आला आणि त्याच्यासाठी प्लायची पेटी करायची ठरली, तेव्हा त्याचा फोन आला. "मावशी, आतून कुठलं पॉलिश मारू? दुकानदार म्हणतो मेलामाइन मारा, काचेसारखं चमकेल."

कपाटाच्या आत कुणी राहत नाही. या पेटीत एक जीव चोवीस तास राहणार होता. दिव्याखाली ऊब घेणार, भिंतीवर नखं रोवून चढणार, जिभेनं सगळं चाचपणार आणि तिथेच घाणही करणार. आतली हवा सोसेनाशी झाली तर उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय त्याला नाही. भाच्याच्या पेटीनंतर त्याच्या मित्रमंडळींच्या पेट्या झाल्या, एका पशुवैद्यांकडच्या आजारी प्राण्यांच्या पेट्यांनाही हात लावला. त्यातून जे पक्कं कळलं ते लिहिते आहे.

त्याआधी कायद्याचं. नाग, घोरपड, स्टार कासव हे आपले देशी प्राणी घरात ठेवणं गुन्हा आहे, त्यांच्यासाठी कुणी पेटी मागितली तर मी नाही म्हणते. इग्वाना, बॉल पायथन हे परदेशी प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनं आलेल्या चौथ्या अनुसूचीत मोडतात आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. भाच्यानं ती केली, मगच मिस्त्रींना बोलावलं.

१. प्राणी कोणता हे आधी, डबा नंतर

"सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी चांगलं पॉलिश कोणतं?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला. त्याला दिव्याखालची जागा चाळीस अंशांच्या आसपास लागते आणि हवा कोरडी लागते. त्याच्या पेटीत पॉलिशला उष्णता सोसायची असते, पाणी फारसं नाही. बॉल पायथन आफ्रिकेतला, बराच वेळ दडून बसणारा. त्याची सगळी ओल तळाला, अंथरलेल्या भुशाखाली साचते, म्हणून तिथे तळाची आणि तळाच्या सांध्यांची काळजी.

इग्वाना सगळ्यांत अवघड. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलातला, झाडावर राहणारा. हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी, म्हणून रोज फवारणी. वर उबेचा दिवा, शेजारी अतिनील किरणांची नळी. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट पाच फुटांच्या पुढे जातो आणि त्याची नखं भिंतीवर कानशीसारखी चालतात. शिवाय तो शिंकतो. नाकातल्या ग्रंथींमधून जादा क्षार बाहेर टाकायची त्याची ती रीत आहे. काचेवर आणि भिंतीवर पांढऱ्या ठिपक्यांची खर बसते, नव्या मालकांना ती बुरशी वाटते. थोडक्यात उष्णता, पाणी, अतिनील किरण, मीठ, विष्ठा आणि ओरखडे, सगळं एकाच थरावर. समुद्रकाठच्या घराच्या दाराला सोडलं तर इतकं सगळं एकत्र सोसावं लागताना मी पाहिलेलं नाही.

पशुवैद्यांकडच्या पेट्यांची गरज आणखी वेगळी होती. तिथे प्रत्येक रोग्यानंतर पेटी आतून धुवायची असते. म्हणून त्यांना मी पॉलिशऐवजी आतून सगळीकडे सनमायका लावायला सांगितला. पॉलिशच करायला पाहिजे असं काही नाही.

२. खाली काय आहे ते विचारल्याशिवाय वरचं ठरवू नये

प्लाय घेताना लोक जाडी आणि भाव विचारतात. मी डिंक विचारते. साध्या एमआर प्लायचे थर युरिया-फॉर्मल्डिहाइड राळेनं चिकटवलेले असतात. ऊब आणि ओल एकत्र मिळाली की ही राळ हळूहळू सुटते आणि फॉर्मल्डिहाइड हवेत येतं. पेटीत तर ऊब आणि ओल आपण मुद्दाम ठेवतो. आयएस ७१० च्या मरीन प्लायमध्ये फिनॉलिक राळ असते आणि मानकाप्रमाणे ती बहात्तर तासांच्या उकळीला टिकावी लागते. दमट पेटीला तेच घ्यावं.

मात्र मरीन प्लायला कीड लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं असतं, तेही मानकातच आहे. ते लाकडातच राहावं, पेटीच्या हवेत आणि प्राण्याच्या जिभेवर येऊ नये, हे आपल्या थराचं काम. म्हणजे पॉलिश इथे शोभेपुरतं नाही, ते कुंपण आहे आणि कुंपणाला फट चालत नाही. प्लाय कापून आणल्यावर लगेच जोडणी न करता फळ्या उभ्या करून हवेशीर जागी ठेवाव्यात.

पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन स्वस्त पडतं, पण त्याच्या गाठींतून दिव्याच्या उबेनं राळ पाझरते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. देवदार तर नकोच. त्याचा जो सुवास माणसाला आवडतो, तो उडणाऱ्या तेलांचा असतो आणि बंद पेटीत ती तेलं प्राण्याच्या श्वासात जातात. जुनं सागवान घरात असेल तर जरूर वापरा, पण सागाच्या अंगात नैसर्गिक तेलं असतात, ती पॉलिशला नीट वाळू देत नाहीत आणि धरूही देत नाहीत. पहिला हात देण्याच्या थोडं आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घेतलं की पकड चांगली येते.

३. डब्यावरचा 'सेफ' हा शब्द कशाबद्दल आहे ते वाचा

"मावशी, यावर टॉय-सेफ लिहिलंय," असं म्हणून भाच्यानं मला डब्याचा फोटो पाठवला होता. लिहिलेलं खोटं नव्हतं. खेळण्यांसाठीचं युरोपीय मानक ईएन ७१-३ हे शिसं, कॅडमियम यांसारखी १९ मूलद्रव्यं लाळेत-पोटात किती उतरतात ते बघतं. पूर्ण वाळलेल्या थरातून, मूल चघळेल असं धरून. पेटीत प्राणी ठेवल्यावर पुढचे कित्येक दिवस थरातून कोणती वाफ निघत राहील, याबद्दल ते मानक काही बोलत नाही. आपल्याकडच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणली, ती फार मोलाची गोष्ट आहे. पण तीही शिशापुरती.

'नॉन-टॉक्सिक', 'इको', 'ग्रीन' या शब्दांवर मी थांबत नाही. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचते. त्यात दोन गोष्टी शोधते. एक, पातळ करायला पाणी लागतं की थिनर. दुसरी, 'बुरशीरोधक' किंवा 'अँटी-फंगल' असं काही आहे का. बाहेरच्या लाकडासाठी बनवलेल्या पॉलिशमध्ये थरावर शेवाळ-बुरशी येऊ नये म्हणून बुरशीनाशक घातलेलं असतं आणि ते हळूहळू वर येत राहावं अशीच त्याची रचना असते. गच्चीवरच्या बाकाला ते ठीक. ज्या भिंतीला प्राणी जीभ लावतो तिथे नको. इग्वाना जीभ बाहेर काढतो तेव्हा तो हवेतले आणि पृष्ठभागावरचे कण टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे नेत असतो. त्याचं जग समजून घेण्याची ती वाट आहे. तीच वाट विषाची होऊ नये.

संडास-बाथरूमच्या सांध्यांत भरायचं सिलिकॉन याच कारणासाठी टाळावं, त्यातही बुरशीनाशक असतं. मत्स्यालयासाठीचं सिलिकॉन मिळतं, ते घ्या.

४. मी पेटीच्या आत जाऊ देत नाही त्या गोष्टी

मेलामाइन. आपल्याकडच्या फर्निचरवाल्यांचं हे लाडकं पॉलिश, आणि का असू नये? झटपट वाळतं, टणक होतं, चहाच्या कपाचा डाग पडत नाही. पण त्याची राळ आम्लाच्या मदतीनं जुळते आणि जुळताना फॉर्मल्डिहाइड सोडते. वास गेल्यासारखा वाटला तरी थोडं थोडं बाहेर पडणं बराच काळ चालू राहतं, आणि ऊब मिळाली की वाढतं. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. मोकळ्या दिवाणखान्यातल्या टेबलाची गोष्ट वेगळी, काही घनफुटांच्या गरम पेटीची वेगळी. बाहेरच्या अंगालाही मी ते लावू देत नाही, कारण पेटी असते त्याच खोलीतली हवा जाळीतून आत जाते.

एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. पाण्याला कच्चं, अतिनील किरणांखाली पिवळं पडतं, आणि जाड थर दिला तर तळाशी अडकलेलं थिनर फार सावकाश निघतं.

जवसाचं तेल. 'नैसर्गिक' म्हणून त्याची भलामण होते. बाजारात मिळणाऱ्या डबल बॉइल्ड तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते कुणी सांगत नाही. न उकळलेलं शुद्ध तेल घेतलं तर ते आठवडे न् आठवडे चिकट राहतं, दमट पेटीत त्यावर बुरशी धरते. आणखी एक फार महत्त्वाचं: तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मेण. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी नरम पडतं. इग्वानाच्या ऊब घेण्याच्या जागी पस्तीस-अडतीस अंश असतात. तिथे ते चिकट होतं आणि त्यावर विष्ठेचे कण रुतून बसतात.

लाखेचं पॉलिश नाकारताना मात्र मला वाईट वाटतं. पळस, बोर, कुसुम यांच्यावर वाढणाऱ्या किड्याची ही देणगी. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन चालू आहे. स्पिरिट उडून गेलं की मागे उरणारी लाख इतकी निरुपद्रवी की औषधाच्या गोळ्यांना आणि फळांना तिचा मुलामा देतात. पॉलिशवाल्याच्या हातातल्या कापसाच्या बोळ्यानं एकेक हात चढत जातो तसा लाकडाचा रंग आतून उजळत येतो, तसं दुसऱ्या कशानं येत नाही. पण पाणी पडून राहिलं की ती पांढरी पडते, साबणासारख्या अल्कधर्मी पाण्यात सुटते, आणि ६५-७० अंशांपासून मऊ होते. म्हणून इग्वानाच्या पेटीत वरचा थर म्हणून ती टिकत नाही. मेण काढलेली लाख खालचा हात म्हणून मात्र मी आवर्जून वापरते. पाइनच्या गाठींवर दोन हात दिले की राळ पाझरायची थांबते आणि वर पाण्याचं पीयू (पॉलियुरेथेन) व्यवस्थित बसतं.

५. मग मी काय लावते

भिंती आणि छताला पाण्यात मिसळणारं, घरातल्या लाकडासाठीचं, एका डब्यातलं पीयू. मंद चमक, फार तर सॅटिन. आरशासारख्या चमकेत दिव्याचा झोत परावर्तित होतो, आणि ओरखडे लांबून दिसतात. तीन ते पाच हात, सगळे पातळ. पाण्यानं लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून पहिल्या हाताआधी ओल्या स्पंजानं पुसून, वाळवून, २४० नंबरचा पेपर हलका फिरवावा. पुढच्या प्रत्येक हातामध्ये ३२० नंबर. त्याची पूड ओल्या फडक्यानं पूर्ण पुसायची.

तळाला आणि तळापासून चार-सहा इंच वरपर्यंत एपॉक्सी. पाणी साचलं तरी एपॉक्सी दाद देत नाही. मात्र ती अतिनील किरणांना कच्ची आहे, नळीच्या उजेडात पिवळी पडते आणि तिची भुकटी सुटायला लागते. म्हणून भुशाखाली झाकल्या जाणाऱ्या भागालाच ती, किंवा मग वरून पीयूचे दोन हात. राळ आणि हार्डनर वजनकाट्यावर तोलूनच मिसळायचे. "जरा हार्डनर जास्त घाला, लवकर वाळेल" हे मी साइटवर खूपदा ऐकलं आहे. जादा हार्डनरला जुळायला राळ उरत नाही, तो तसाच थरात राहतो, आणि त्वचेला झोंबणारा भाग तोच असतो. दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट तवंग येतो. तो कोमट पाण्यानं आणि खरखरीत घासणीनं धुऊन काढल्याशिवाय वरचा हात धरत नाही.

दोन डब्यांचं पीयू सगळ्यांत टिकाऊ आहे हे मला मान्य आहे. पूर्ण जुळल्यावर ते प्राण्यालाही त्रास देत नाही. पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फवारताना मारणाऱ्याच्या छातीत जातं आणि त्यातून कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही, योग्य कार्ट्रिजचा मास्क लागतो. इग्वानाच्या फुप्फुसांची काळजी करताना पॉलिशवाल्याच्या फुप्फुसांचा हिशेब सोडून द्यायचा, हे मला पटत नाही. मास्क आणि वाहती हवा यांची खात्री नसेल तिथे मी ते सुचवत नाही.

६. हाताला वाळलं म्हणजे काम झालं असं नाही

सगळ्यांत जास्त वाद मला इथेच घालावा लागतो. डब्यावर लिहिलेलं असतं, 'एक तासात कोरडं'. ते खरं असतं. तासाभरात पाणी उडून जातं आणि बोट लावलं तर चिकटत नाही. पण राळेचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हावा म्हणून त्यात सावकाश उडणारी द्रावकं घातलेली असतात, ती अजून आतच असतात. ती बाहेर पडेपर्यंत आणि रेणूंची जुळणी पुरी होईपर्यंत पाण्याच्या पीयूला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. एपॉक्सीला पंचवीस अंशांच्या आसपास सातेक दिवस. थंडीत आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. या काळात पेटीची दारं, काचा, जाळ्या सगळं उघडं हवं.

भाच्याच्या वेळी पेटी देखणी झाली होती आणि त्याला धीर धरवत नव्हता. "मावशी, वास तर येत नाही आता," तो म्हणाला. रोज त्या खोलीत बसणाऱ्याला वास येईनासा होतो, नाक सरावतं. मी त्याला बरणी करायला सांगितली. पेटीचं पॉलिश चाललेलं असताना त्याच प्लायच्या दोन-तीन तुकड्यांवर तेच हात, त्याच दिवशी, तितकेच द्यायचे. त्यातला एक तुकडा घट्ट झाकणाच्या, कधी मसाला न भरलेल्या काचेच्या बरणीत घालायचा आणि बरणी रात्रभर दिव्याच्या उबेत ठेवायची. सकाळी बाहेरून आलेल्या माणसाला झाकण उघडायला लावायचं. शेजारच्या काकूंनी उघडली आणि लगेच मान मागे घेतली. "अहो, नेलपॉलिश ठेवलंय काय यात?" पेटीतून येईनासा झालेला वास बरणीत स्पष्ट होता. पुढे दर काही दिवसांनी ताजी बरणी करत गेलो. काकूंना ओल्या लाकडाशिवाय कसलाच वास येईना, तेव्हा पुढची पायरी.

दुसरा तुकडा घासायचा. पांढऱ्या सुती फडक्यावर स्पिरिट घेऊन एकाच जागी दाबून मागे-पुढे घासलं की कच्चा थर मऊ होतो, फडकं ओढल्यासारखं अडकतं आणि चमक जाते. पक्क्या थरावर फडकं सरकत राहतं. नखही बोलकं असतं. कच्च्या थरात नखाची चंद्रकोर उमटते आणि तशीच राहते. कारखान्यात आम्ही याहून काटेकोर कसोट्या लावायचो, पण घरच्या पेटीला या पुरतात. तिसऱ्या तुकड्यावर ब्लेडनं चौकटी पाडून चिकटपट्टी लावायची आणि झटक्यात उपटायची. पट्टीबरोबर चौकोन उचलले गेले तर पकड नाही, खालचा पेपर नीट फिरला नव्हता.

त्यानंतर पेटी बंद करून दिवे, थर्मोस्टॅट, फवारणी सगळं प्राणी आत असल्यासारखं चालवायचं. निदान दोन दिवस. थंड पेटीला वास नव्हता म्हणून गरम पेटीला नसेल असं होत नाही. उबेनं आत उरलेलं सगळं बाहेर यायला लागतं. या दोन दिवसांत वास आला, तर दारं उघडून पुन्हा थांबायचं. इग्वाना तोपर्यंत जुन्या पिंजऱ्यात राहू शकतो. आजारी सरपटणारा प्राणी आपलं दुखणं फार उशिरा दाखवतो. तोंड उघडं ठेवून श्वास घेताना दिसला, नाकाशी बुडबुडे दिसले, तोवर बराच काळ गेलेला असतो. म्हणून या एका बाबतीत मी कुणाच्याही आग्रहाला वाकत नाही.

७. आषाढ-श्रावणात पॉलिशचं काम काढू नये

रंगकामात एक नियम आहे: ज्यावर हात द्यायचा तो पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी गरम हवा. कोकणपट्टीत भर पावसात हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असते तेव्हा दवबिंदू २६ च्या वर असतो. म्हणजे तीन अंशांचं अंतरच उरत नाही. थिनरच्या पॉलिशवर तेव्हा दुधाळ सावट येतं आणि पाण्याच्या पीयूमधलं पाणी उडायला तयार होत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. अडचण असेल तर बंद खोलीत एसी कोरड्या हवेवर लावून काम निभावतं, पण मग दोन हातांमधला वेळ दुप्पट धरावा.

८. पेटी कडांतून कुजते

पॉलिशवाला नजरेसमोरच्या सपाट भागावर मन लावून काम करतो. पाणी मात्र शिरतं ते प्लायच्या कापलेल्या कडेतून, वायरीसाठी पाडलेल्या भोकातून, स्क्रूच्या खाचेतून, काचेच्या सरकपट्टीखालून. कापलेली कड उभ्या तंतूंची असते आणि पाणी ओढून घेते. म्हणून भोकं आधी पाडायची, मग सुट्या फळ्यांना सगळ्या बाजूंनी दोन हात द्यायचे, कडांना त्याहून एक-दोन जास्त, आणि मग जोडणी. फक्त चिकटवायच्या जागा टेप लावून कोऱ्या ठेवायच्या. मिस्त्री आधी कुरकुरले, "ताई, जोडल्यावर मारलं तर एका दिवसात होईल." पण जोडल्यावर सांध्याच्या आत ब्रश पोचत नाही. पेटी उभी राहिल्यावर सांध्यांत सिलिकॉनची बारीक रेघ, आणि ती आंबट वास जाईपर्यंत उघडी.

मागची, भिंतीकडे जाणारी बाजूही आतल्याइतकीच झाकावी. एकाच बाजूला थर असला की दुसरी बाजू हवेतली ओल घेते, फळी वाकते आणि काच सरकेनाशी होते.

९. जिथे पोट टेकतं तिथे पॉलिश नको

ऊब घ्यायची फांदी आणि फळी मी कोरी ठेवते. ती दिव्याच्या सगळ्यांत जवळ असते, प्राणी तिला अंग लावून तासन् तास पडतो आणि नखं तिथेच सगळ्यांत जास्त चालतात. कुठलाही थर तिथे आधी सुटणार. पेरूची जाड फांदी, कुठलंही औषध न मारलेल्या झाडाची, घासून धुऊन कडक उन्हात वाळवलेली, उत्तम काम देते. मळली की बदलायची. गुळगुळीत पॉलिशवर प्राण्याची पकडही सुटते.

उष्णता देणारा सिरॅमिक दिवा स्वतः दोनशे अंशांच्या वर जातो. छताला तो थेट लावू नये. मध्ये हवेची फट ठेवून ॲल्युमिनियमचा पत्रा, दिव्याभोवती जाळी, आणि थर्मोस्टॅटशिवाय काहीही चालू नाही. पॉलिश कितीही चांगलं असलं तरी ते आग अडवत नाही.

१०. साफ कशानं करणार, हे पॉलिश घेतानाच ठरवा

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ही गोष्ट फार मनावर घ्यावी. म्हणून थर धुता आला पाहिजे, नुसता पुसता नव्हे. फिनेल आणि फिनॉल जातीची जंतुनाशकं या प्राण्यांना मानवत नाहीत, ती पेटीच्या आसपासही नकोत. पशुवैद्य सांगतील ते क्लोरहेक्सिडिन किंवा पातळ केलेलं ब्लीच वापरावं, नंतर साध्या पाण्यानं पुसून कोरडं करावं. पॉलिश केलेल्या उरलेल्या तुकड्यावर तेच द्रावण रात्रभर ओल्या फडक्यातून ठेवून बघा. सकाळी थर पांढरा, मऊ किंवा फुगलेला दिसला, तर एक तर पॉलिश बदला, नाहीतर जंतुनाशक. इग्वानाच्या विष्ठेतला पांढरा युरिक आम्लाचा भाग वाळला की दगडासारखा बसतो. तो खरवडू नये, ओलं फडकं ठेवून मऊ करून उचलावा. खरवडण्यानं थर जितका जातो तितका नखांनी जात नाही.

११. पेटीच्या पाठीवर कागद चिकटवा

प्लायचा प्रकार, पॉलिशचं पूर्ण नाव आणि बॅच नंबर, एपॉक्सीचं प्रमाण, किती हात, शेवटचा हात कोणत्या तारखेला, प्राणी आत कधी गेला. प्लास्टिकच्या पाकिटात घालून हे सगळं पेटीच्या मागे लावायचं. भाच्याच्या पेटीला पुढे ओरखड्यांमुळे एका भिंतीला पुन्हा हात द्यावा लागला, तेव्हा त्या कागदामुळे तेच पीयू आणता आलं. पक्क्या झालेल्या जुन्या थरावर नवा थर आपोआप धरत नाही, ३२० नंबरनं सगळी चमक उतरवावी लागते. पूड व्हॅक्यूमनं आणि ओल्या फडक्यानं काढायची आणि वाळण्याचा सगळा काळ पुन्हा पहिल्यासारखा मोजायचा. इग्वाना त्या काळात दुसऱ्या खोलीत, दार बंद.

हाच कागद एकदा पशुवैद्यांनाही दाखवला. इग्वाना सुस्त झाला होता आणि त्यांनी पहिला प्रश्न पेटीचाच विचारला: आत काय लावलं आहे, कधी लावलं? तारीख आणि नाव वाचून त्यांनी पॉलिशचा संशय बाजूला ठेवला आणि अतिनील नळी किती जुनी आहे ते विचारलं. नळी उजेड देत होती, पण तिचे किरण क्षीण झाले होते. आता नळी बदलल्याची तारीखही त्याच कागदावर लिहितो.